बुडबुडे मोजणारं माटुंगा

परळ-लालबागच्या गिरण्यांचे भोंगे जोरात वाजत होते त्या काळात, 1 ऑक्टोबर 1933 रोजी, मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग उघडला. गिरण्यांना कापड रंगवण्याचं शास्त्र हवं होतं, म्हणून पहिले अभ्यासक्रम वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकीचे. माटुंग्यातली ही संस्था 2008मध्ये अभिमत विद्यापीठ झाली, नाव बदलून इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी (आयसीटी) झालं. पण जुना मुंबईकर तिला अजून विभागाच्या जुन्या नावाने, यूडीसीटीच म्हणतो. रंगांसाठी आणि औषधांसाठी ती सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र तिचं मोठं काम वाटतं ते बुडबुड्यांवरचं.

बुडबुड्यात एवढं काय आहे? वनस्पती तुपासाठी तेलात हायड्रोजन सोडतात, पेनिसिलिनच्या टाकीत आणि सांडपाण्यात हवा सोडतात. वायू द्रवात शिरतो तो बुडबुड्याच्या पृष्ठभागातून. एक लिटर हवेचा एकच गोळा केला, तर त्याचा पृष्ठभाग जेमतेम अर्धा चौरस फूट भरतो. त्याच हवेचे दोन मिलिमीटरचे बुडबुडे केले की तो बत्तीस चौरस फुटांवर जातो. कारखान्याचा सगळा हिशेब या चौरस फुटांवर उभा असतो.

पण पोलादी टाकीच्या आत डोकावणार कसं? केंब्रिजला डँकवर्ट्‌स यांच्या हाताखाली पीएचडी करून माटुंग्याला परतलेले प्रा. मनमोहन शर्मा यांनी रसायनालाच मोजपट्टी केलं. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड सोडायचा. अभिक्रिया पुरेशी झपाट्याची असेल, तर वायू किती वेगाने शोषला गेला यावरून पृष्ठभाग काढता येतो. या पद्धतींवरचा शर्मा आणि डँकवर्ट्‌स यांचा 1970चा लेख पुढे जगभर वापरला गेला. 1990मध्ये शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

रसायन एकूण बेरीज सांगतं, एकेका बुडबुड्याची कथा सांगत नाही. ती प्रकाशाने कळते. शर्मांचे विद्यार्थी आणि मूळचे सातारा जिल्ह्यातले प्रा. ज्येष्ठराज जोशी यांच्या गटाने बबल कॉलममध्ये, म्हणजे तळातून वायू सोडलेल्या द्रवाच्या उभ्या टाकीत, लेझरचे दोन किरण एकमेकांना छेदून जाऊ दिले आणि तिथून जाणाऱ्या प्रवाहाचा वेग टिपला. 2005मध्ये जोशी आणि अमोल कुलकर्णी यांनी बुडबुडा कसा जन्मतो आणि कसा वर चढतो, याचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला.

प्रकाशाची दुसरी वाट कॅमेऱ्याची. तिची रीत गोटी सोड्याची बाटली दिव्यासमोर धरण्यासारखीच आहे. मागे एकसारखा उजेड, पुढे कॅमेरा. बुडबुड्याच्या कडेशी प्रकाश बाजूला वळतो, म्हणून चित्रात काळी कडा दिसते आणि मधोमध उजळ ठिपका. मिलिमीटरहून लहान बुडबुडा जवळजवळ गोल असतो. त्याहून मोठा झाला की चपटा होतो आणि नागमोडी वर जातो. म्हणून त्याची रुंदी आणि उंची दोन्ही मोजून आकारमान काढतात. इथे चूक महागात पडते. व्यास दहा टक्के जास्त धरला, तर वायू तेहेतीस टक्के जास्त निघतो. दोन बुडबुडे एकामागे एक आले, की यंत्र त्यांना एकच समजतं. खोलीचाही हिशेब हवा: दहा मीटर खाली वायूचं आकारमान पृष्ठभागावरच्या तुलनेत निम्मंच असतं. म्हणून पडताळणीसाठी उलटं नरसाळं धरून वायू गोळा करतात. या कष्टाशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

समुद्रतळातून झिरपणारा वायू, तेलविहिरीची गळती, धरणाच्या गाळातला मिथेन, सगळ्यांना आज हीच रीत लावतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट तापवतो, आणि तो सांडपाण्याच्या काळ्या गाळात सतत तयार होत असतो. असा गाळ दूर नाही: माटुंग्याहून धारावी ओलांडली की माहीमची खाडी आणि मिठी नदी. आयसीटीच्या विद्यार्थ्यांनी आणि महापालिकेने मिळून तिथे कॅमेरे उतरवावेत, भरती-ओहोटीला आणि पावसाळ्याच्या आधी-नंतर मोजावं, आणि आकडे मराठीतून जाहीर करावेत.