ब्रेझेलला रंग येतो कुठून?

जर्मनीतल्या श्वाबेन भागातली ब्रेझेल (पीळ दिलेला पाव) पाहिली की आधी तिच्या पोटावरची चीर नजरेत भरते. बाकीचं अंग गर्द तपकिरी आणि चकचकीत, चिरेतून फुलून आलेला पाव मात्र पांढरट. कणीक एकच, भट्टीही एकच. मग फरक कशाने?

मैद्याच्या घट्ट कणकेची दोरी वळून तिला पीळ देतात आणि टोकं, म्हणजे तिचे हात, पोटावर चिकटवतात. ही गार केलेली ब्रेझेल कॉस्टिक सोड्याच्या तीन-चार टक्के द्रावणात काही सेकंद बुडवतात. या द्रावणाचा सामू १३च्या वर असतो, त्याने कातडी भाजते. म्हणून बेकर हातमोजे घालतात. चीर देतात ती बुडवून झाल्यावर. म्हणजे आतल्या कणकेला सोडा लागलेलाच नसतो.

पाव भाजताना साखर आणि अमिनो आम्लं यांच्यात अभिक्रिया होऊन रंग व खमंग वास येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२मध्ये तिचं वर्णन केलं. अमिनो गटाला चिकटलेला प्रोटॉन या अभिक्रियेच्या आड येतो. सोडा तो काढून घेतो आणि अभिक्रिया वेग घेते. पृष्ठभागावरचा स्टार्चही फुगतो आणि वाळल्यावर चकाकतो. उरलेल्या सोड्याचं कार्बन डायऑक्साइडमुळे सोडियम कार्बोनेट होतं, त्यामुळे ब्रेझेल खायला निर्धोक असते.

तिचा आकार फार जुना आहे. बाराव्या शतकात अल्सासमधल्या हेराड या मठाधिपतीणबाईंनी सिद्ध केलेल्या 'हॉर्टस डेलिसियारम' ग्रंथात मेजवानीच्या चित्रात ब्रेझेल दिसते. ईस्टरआधीच्या उपवासात दूध, अंडी, लोणी वर्ज्य असे; तेव्हा साधी ब्रेझेल चालायची. पुढे बेकरांच्या संघांनी तिलाच आपलं चिन्ह केलं. श्वाबेनची ब्रेझेल बारीक, कुरकुरीत हातांची. बव्हेरियाची जाड हातांची, चीर न देता आपोआप फुटणारी. सोड्याचं द्रावण मात्र दोघींना हवंच.

बेकरांनी ही युक्ती मेयार यांच्या आधीच हस्तगत केली होती. घरी पडताळायची तर कॉस्टिक सोड्याच्या वाटेला जाऊ नका. खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये तासभर तापवला की त्याचं सोडियम कार्बोनेट होतं. तेही हाताला झोंबतं, तेव्हा हातमोजे घाला. त्याच्या पाण्यात एक ब्रेझेल बुडवा, दुसरी कोरडीच ठेवा आणि दोन्ही एकाच ट्रेमध्ये भाजा. रंगातला फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की सोड्याचं काम कायमचं ध्यानात राहील.