पॅकेज नंतर बघा
हिंजवडीत नव्या इंजिनीअरांच्या मुलाखती घेणं हे माझ्या कामाचाच भाग. दोन ऑफर हातात आल्या की मुलं पॅकेज बघतात. मी आधी ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या बाँडचं कलम वाचायला सांगतो, आणि मग कंपनी कुठल्या प्रकारची ते बघायला.

टीसीएस किंवा १९८१ साली पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस या मुख्यतः दुसऱ्यांची कामं करून देणाऱ्या कंपन्या. नवख्यांना त्या शिकवतात मात्र मनापासून. इन्फोसिसचं म्हैसूरचं केंद्र त्यासाठीच उभं आहे. पुढे कुठला प्रोजेक्ट मिळेल, हे आपल्या हाती नसतं. जावा शिकून आलेली मुलगी रात्रपाळीत कुठल्याशा बँकेची सपोर्ट तिकिटं बंद करत बसते, नाहीतर प्रोजेक्टविना ‘बेंच’वर वाट बघते. स्वतःचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांत जागा कमी, मुलाखत कडक. पण आपण लिहिलेला कोड तिथे बहुधा आपल्यालाच निस्तरावा लागतो, आणि माझ्या मते खरं शिक्षण त्यातच होतं.

होकार कळवण्यापूर्वी एचआरला विचारा: टीम कोणती, माझा कोड कोण तपासणार? उत्तर गोलमोल आलं, तर पगार थोडा कमी असला तरी दुसरी ऑफर घ्या.