विजय ‘मिला’ की ‘मिली’?

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरात एखादे मूल दृष्टिहीन असले, की वडीलधाऱ्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो तंबोऱ्याचा. त्यात नवल नाही. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झालेले विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेस बाळकृष्णबुवांकडे आपलीच ग्वाल्हेर गायकी शिकले आणि 1901 साली लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. परंतु प्रत्येक अंध मुलाचा गळा गाण्याचाच, हे कोणी ठरवले? आमच्या नात्यातल्या एका मुलीला सुरांचे वेड मुळीच नाही. तिला इतिहास घेऊन बी. ए. व्हायचे आहे. तिच्या तयारीत मी थोडाफार हातभार लावतो.

सवलती आहेत. 2016 च्या कायद्याने शासकीय व अनुदानित महाविद्यालयांत 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखल्या. 2018 च्या केंद्रीय सूचनांनी लेखनिक घेणाऱ्यास तासामागे किमान 20 मिनिटे जादा दिली. तीन तासांचा पेपर चार तासांचा झाला. ब्रेलचेही अडत नाही. 1951 च्या भारती ब्रेलमध्ये हिंदी-मराठीची अक्षरे एकच आहेत.

अडते ते आपल्या मराठीपणाशी! घरात मराठी, उत्तरपत्रिका हिंदीत. मराठीतला विजय पुल्लिंगी, हिंदीतली विजय स्त्रीलिंगी. आणि इतिहासाच्या पेपरात तर पानोपानी कोणाचा तरी विजय! आपली ‘शिक्षा’ म्हणजे दंड, त्यांची ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. आपण ‘राजीनामा’ देऊन पद सोडतो. हिंदीत त्याच शब्दाने दोन पक्षांत तडजोड होते. डोळस मुलगा लिहिलेले पुन्हा पाहतो, खोडतो. हिला ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते, आणि मराठी कानाला ही चूक चूक वाटतच नाही.

म्हणून आम्ही पाठांतराहून सांगण्याचा सराव अधिक करतो. आधी मनात परिच्छेद बांधायचा, मग वाक्य सावकाश सांगायचे. विशेषनामांचे ऱ्हस्व-दीर्घ, स्वल्पविराम, नवी ओळ, सारे तोंडाने. पहिल्या महिन्यात एका उत्तराला पाऊण तास लागे, आणि ती रडकुंडीला येई.

लेखनिक म्हणून घरच्या मावशींनी बसावे, असे सर्वांच्या मनात होते. त्या हिंदीच्या निवृत्त शिक्षिका. पण 2018 च्या सूचनांप्रमाणे स्वतः आणलेला लेखनिक उमेदवाराहून एक पायरी कमी शिकलेला हवा होता. मावशींची पदवीच आड आली. मग शेजारचा अकरावीतला हिंदीभाषक मुलगा तयार झाला. त्या सूचनांत परीक्षेआधी दोन दिवस लेखनिकास भेटण्याची मुभा होती. आमची जोडी चार महिने रोज संध्याकाळी बसते आहे. तो तिच्या ‘विजय मिला’ला हटकतो, ती त्याला पानिपतच्या तीन लढायांची साले विचारून चीत करते.

दोन-चार दिवस आजारी पडला तर बदली कोणी नाही, एवढीच धास्ती आहे. लष्करातल्या वाचकांच्या घरी अकरावीतले, सुवाच्य हिंदी लिहिणारे आणखी एखादे मूल असेल, तर आमच्याकडे चहा पाचला होतो.