हॅकिंटॉशमध्ये नवं कार्ड घालण्याआधी

आय-सेव्हन ९७००के प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, रेडिऑन आरएक्स ५८० कार्ड आणि त्यावर मॅकओएस. २०१९ च्या आसपास जुळवलेली अशी पेटी कोथरूडच्या घरगुती एडिट रूममध्ये अजून भेटते. डहाणूकर कॉलनीत बाल्कनी बंद करून केलेल्या खोलीत असो की पौड रस्त्यावरच्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर, तिच्यावर लग्नाच्या फिल्म, नाटकांची चित्रीकरणं, क्लासवाल्यांचे व्हिडिओ कापले जातात. ज्यांचा हात फायनल कटवर बसला होता आणि ज्यांना २७ इंची आयमॅक परवडत नव्हता, त्यांनी तेव्हा साधारण त्याच जातीचे सुटे भाग आणून ही पेटी उभी केली. त्यांचं गणित चुकलं नव्हतं. वर्षानुवर्षं त्या पेटीने घर चालवलं आहे.

आता ती अडखळते. पेटी तीच आहे, पण तिच्यापुढे येणारं फुटेज बदललं. म्हणून अपग्रेडचा विषय निघतो आणि जो तो सल्ला देऊ लागतो. त्यातले बरेचसे सल्ले साध्या विंडोज पीसीसाठी बरोबर असतात, हॅकिंटॉशसाठी, म्हणजे मॅकओएस चालवणाऱ्या अशा जुळवलेल्या पेटीसाठी, घातक. तीस-चाळीस हजार रुपये ही या धंद्यातल्या माणसासाठी लहान रक्कम नाही. ती कुठे घालावी आणि कुठे अजिबात घालू नये, हे नीट सांगायला हवं.

गैरसमज : भारी ग्राफिक्स कार्ड टाकलं की टाइमलाइन अडखळायची थांबते

बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. कार्ड बदलण्याआधी एक साधी तपासणी करावी. ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडावा, विंडो मेनूतून सीपीयू हिस्टरी आणि जीपीयू हिस्टरी या दोन्ही खिडक्या शेजारी ठेवाव्यात आणि जी क्लिप अडते तीच चालवावी. अशा वेळी हमखास दिसतं ते असं : प्रोसेसरचे आठही स्तंभ छताला टेकलेले आणि कार्डाची रेघ खाली, जवळजवळ आडवी. कार्डाला कामच मिळत नाहीये. मग त्याच्या जागी दुप्पट ताकदीचं कार्ड आणून काय होणार?

कारण फुटेजमध्ये आहे. सोनीचा ए-सेव्हन-एस थ्री किंवा कॅननचा आर-सिक्स, दोन्ही २०२० मधले. हे आणि यांच्यानंतरचे कॅमेरे एच.२६५ मध्ये, १० बिट ४:२:२ रंगात चित्रीकरण करू शकतात. लग्नाचं शूट करणाऱ्यांना हे हवंच असतं, कारण मांडवातल्या पिवळ्या उजेडातून त्वचेचा रंग परत आणायला १० बिट फार कामाला येतं. पण एच.२६५ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण फ्रेम असते आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं याची नोंद. टाइमलाइनवर मधेच कुठे बोट ठेवलं, की ती एक फ्रेम दाखवण्यासाठी आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात. हे काम चिपमध्ये खास त्यासाठी बसवलेल्या डीकोडरने केलं तर सहज होतं. नाहीतर सगळा भार प्रोसेसरवर येतो.

आता पेच बघा. नवव्या पिढीच्या इंटेलमधलं यूएचडी ६३० ग्राफिक्स एच.२६५ उलगडतं, १० बिटसुद्धा उलगडतं, पण ४:२:० पर्यंतच. ४:२:२ साठीचा डीकोडर इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अकराव्या पिढीपासून आला. आणि त्या अकराव्या पिढीच्या अंगभूत ग्राफिक्सला मॅकओएसमध्ये ड्रायव्हरच नाही, कारण ॲपलने ते प्रोसेसर कुठल्याच मॅकमध्ये वापरले नाहीत. मॅकओएसवर चालणाऱ्या रेडिऑन कार्डांपैकी एकही ४:२:२ उलगडत नाही. म्हणजे हॅकिंटॉशवर हे फुटेज थेट, हार्डवेअरच्या मदतीने चालवायची वाटच नाही. कितीही पैसे घाला. सुटे भाग विकणारा हे सांगेलच असं नाही, पण यादी हातात घेण्याआधी प्रत्येक एडिटरला हे माहीत असलं पाहिजे.

वाट आहे ती प्रॉक्सीची, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रतींची, आणि ती फुकट आहे. रात्री झोपताना सगळ्या क्लिपच्या १०८० च्या प्रोरेस प्रॉक्सी करायला लावाव्यात. २५ फ्रेमला हा प्रवाह सेकंदाला जेमतेम ३८ मेगाबिटचा असतो आणि त्यात प्रत्येक फ्रेम सुटी आणि पूर्ण असते. सकाळी तीच जुनी पेटी लोण्यासारखी चालते. कट, संगीत, शीर्षकं सगळं प्रॉक्सीवर करायचं. रंगकाम आणि शेवटचं रेंडर तेवढं मूळ फुटेजवर. ज्यांना प्रॉक्सीचा कंटाळा येतो त्यांनी सरळ प्रोरेस ४२२ करून घ्यावं, पण मग डिस्कचा हिशोब करावा. यूएचडीमध्ये २५ फ्रेमला एका तासाचे सुमारे २२० जीबी होतात. सकाळच्या मुहूर्तापासून रात्रीच्या रिसेप्शनपर्यंत दोन कॅमेरे चालले, तर किती टेराबाइट लागतील ते ज्याने त्याने काढावं.

मग कार्ड कधी बदलायचं? रंगकाम जास्त असेल, नॉइज रिडक्शन लावावं लागत असेल, दा विंची रिझॉल्व्हमध्ये नोडांवर नोड चढत असतील, तेव्हा. ते काम खरोखरच कार्डाचं असतं.

गैरसमज : कार्ड घ्यायचंच तर बाजारातलं सगळ्यात नवं घ्यावं

हॅकिंटॉशमध्ये नवेपणाला किंमत नाही. ॲपलने ज्याचा ड्रायव्हर लिहिला तेवढंच चालतं आणि ती यादी कधीच बंद झाली आहे.

एनव्हिडियाचा विषय तर २०१८ मध्येच संपला. २०१७ च्या हाय सिएरा या मॅकओएसच्या आवृत्तीपर्यंत एनव्हिडिया स्वतःचे ड्रायव्हर देत होती. पुढच्या वर्षीच्या मोजावेसाठी ते आलेच नाहीत. आरटीएक्स नावाचं एकही कार्ड मॅकओएसवर कधी चाललेलं नाही. पुतण्याच्या गेमिंग पीसीतलं कार्ड उचलून आपल्या पेटीत बसवायचा बेत असेल तर तो इथेच सोडावा.

रेडिऑनमध्येही डोळे उघडे ठेवावे लागतात. आरएक्स ५७०० मालिका कॅटालिनापासून, आरएक्स ६८०० आणि ६९०० बिग सर ११.४ पासून, आरएक्स ६६०० मॉन्टेरी १२.१ पासून चालते. यांच्या मधोमध बसणारं आरएक्स ६७०० एक्सटी मात्र ॲपलच्या ड्रायव्हरवर आपणहून चालत नाही. ६६०० चालतं आणि ६८०० चालतं, म्हणजे ६७०० चालणारच, असं कुणालाही वाटेल, आणि त्यात पैसे बुडतात. ७००० मालिका तर चालतच नाही.

माझ्या मते आरएक्स ५८० वरून बदलायचं असेल तर ८ जीबीचं ६६०० हा शहाणपणाचा पल्ला आहे. ५८० सुमारे १८५ वॅट खातं, ६६०० सुमारे १३२. म्हणजे एसएमपीएस तोच चालतो आणि एप्रिल-मेच्या दुपारी बंद खोलीत पंख्यांचा आवाजही कमी होतो. हे कार्ड बसवताना ओपनकोर या बूटलोडरच्या बूट-आर्ग्युमेंटमध्ये ‘agdpmod=pikera’ ही ओळ घालायला विसरू नये. नाहीतर ॲपलचा लोगो जातो, स्क्रीन काळी पडते आणि कार्डच खराब निघालं असं वाटून माणूस ते परत करायला निघतो.

जुनं कार्ड घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं कार्डांवरचं मायनिंग थांबलं आणि रात्रंदिवस राबलेली रेडिऑन कार्डं सेकंडहँड बाजारात उतरली. पंखे हाताने फिरवून आणि अर्धा तास ताण देऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरं, ‘५८० २०४८एसपी’ असं लिहिलेलं कार्ड म्हणजे खरं ५८० नव्हे. आत ५७० चा ऐवज असतो आणि मॅकओएसवर ते हमखास त्रास देतं.

गैरसमज : प्रोसेसर आणि मदरबोर्ड नवा केला की पेटी पुन्हा दहा वर्षं चालेल

बाराव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर ओळख लपवून मॅकओएसवर चालवता येतात आणि रेंडरचा वेळ कमीही होतो. पण अंगभूत ग्राफिक्स मिळत नाही. एएमडीच्या रायझनवर कर्नलला ठिगळं लावावी लागतात. छंद म्हणून करायचं तर अवश्य करावं. ज्याला सोमवारी गिऱ्हाइकाला फाइल द्यायची आहे त्याने या वाटेला जाऊ नये. बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम मिळून जो खर्च होतो, त्याबद्दल शेवटी सांगतो.

रॅमबद्दल एवढंच : १६ वरून ३२ करणं फरक दाखवतं. ३२ वरून ६४ केल्याने एच.२६५ चं अडखळणं तसूभरही कमी होत नाही.

गैरसमज : मॅकओएस कायम ताजी ठेवावी

खऱ्या मॅकसाठी हा सल्ला ठीक आहे. कामाच्या हॅकिंटॉशला त्याच सल्ल्याने आजारपण येतं.

२०२३ च्या सोनोमाने जुन्या ब्रॉडकॉम वायफाय कार्डांचा आधार काढून घेतला. ज्यांनी एअरड्रॉपसाठी मुद्दाम ती कार्डं मिळवली होती त्यांची एका अपडेटने पंचाईत झाली. पुन्हा चालू करायची तर सिस्टिमची सुरक्षा सैल करून पॅच मारावा लागतो. २०२५ च्या टाहोने मदरबोर्डवरच्या आवाजाच्या चिपला लागणारा ॲपलचा जुना ड्रायव्हरच काढला. म्हणजे अपडेट झाल्यावर चित्र येतं, आवाज येत नाही. यूएसबीचा ऑडिओ इंटरफेस असेल तर निभावतं, नसेल तर एडिटर हातावर हात धरून बसतो.

आणि टाहो हा इंटेलसाठी शेवटचाच थांबा आहे. जून २०२५ मध्ये ॲपलने तसं जाहीर केलं. टाहोसुद्धा इंटेलच्या फक्त चार मॉडेलवर चालते. पुढची प्रत्येक आवृत्ती ॲपलच्या स्वतःच्या चिपसाठी असेल. म्हणून मी म्हणेन, आपलं सॉफ्टवेअर जिथे नीट चालतं त्या आवृत्तीवर पेटी थांबवावी, आपोआप होणारे अपडेट बंद करावेत आणि मग तिला हात लावू नये. तशीही फायनल कटची काही नवी कामं, उदाहरणार्थ बोलण्यावरून आपोआप कॅप्शन करणं, इंटेलवर मिळतच नाहीत.

थांबवण्याआधी मात्र दोन कामं करून ठेवावीत. चालू सिस्टिमची हुबेहूब प्रत वेगळ्या एसएसडीवर घ्यावी आणि ओपनकोर ज्यात असतो तो ईएफआय फोल्डर एका पेनड्राइव्हवर ठेवून त्यावरून पेटी खरोखर सुरू होते का ते बघावं. कार्ड किंवा बायोस बदलायचा दिवस वळवाच्या पावसाचा नसावा आणि यूपीएसची बॅटरी जिवंत असावी. बायोस अर्धवट असताना वीज गेली तर बोर्ड जातो.

गैरसमज : एसएसडी कुठलीही चालते

चालत नाही. सॅमसंगची पीएम९८१ मॅकओएसला कोलमडवते. ९७० इव्हो प्लसचं फर्मवेअर जुनं असेल तर तीही. तसंच सिस्टिमसाठी हार्ड डिस्क वापरणं आता सोडूनच द्यावं, एपीएफएस ही फाइल व्यवस्था तिच्यावर फार मंदावते. माझ्या अनुभवात खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक इथे पडतो : सिस्टिमला एक एनव्हीएमई, चालू कामाच्या फुटेजला दुसरी आणि झालेलं काम दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक घराबाहेर.

दुसऱ्या प्रतीचा आग्रह मी मुद्दाम धरतो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या फिल्म तापमान सांभाळून ठेवलेल्या दालनांमध्ये जपल्या जातात आणि त्यातली काही दालनं याच कोथरूडमध्ये आहेत. कुणाच्या तरी आजीचं शेवटचं चित्रीकरण एका लग्नाच्या फुटेजमध्ये असतं. ते एकाच डिस्कवर ठेवणं बरोबर नाही.

गैरसमज : मॅकओएस फुकट मिळते, मग यात बेकायदा काय?

२०१३ च्या मॅव्हरिक्सपासून मॅकओएस फुकट आहे हे खरं, पण तिचा परवाना ॲपलच्याच संगणकापुरता आहे. हॅकिंटॉश त्या कराराबाहेर जातो. अमेरिकेतल्या सायस्टार कंपनीने २००८ मध्ये असे संगणक विकायला काढले तेव्हा ॲपलने खटला भरला. २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला आणि २०११ मध्ये वरच्या कोर्टात तो कायम राहिला. ज्या स्टुडिओला मोठ्या कंपन्यांची कामं घ्यायची आहेत, ज्यांच्याकडे परवान्यांची तपासणी होते, त्यांनी या पायावर इमारत उभी करू नये.

गैरसमज : मग आता पेटी भंगारातच द्यायची

अजिबात नाही. एम-फोर चिपचा मॅक मिनी २०२४ च्या अखेरीस आला तेव्हा १६ जीबी रॅमसह त्याची भारतातली किंमत ५९,९०० रुपये होती. वर उल्लेखलेलं एच.२६५ चं १० बिट ४:२:२ फुटेज तो थेट उलगडतो, प्रॉक्सीशिवाय. नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम आणि कार्ड यांची बेरीज करून ती या आकड्याशेजारी लिहून बघावी. आत २५६ जीबीच जागा आहे, पण हॅकिंटॉशसाठी घेतलेली एनव्हीएमई बाहेरच्या थंडरबोल्ट किंवा यूएसबी डब्यात घालून त्याला जोडता येते.

आणि जुन्या पेटीत नववी पिढी आहे, म्हणजे तिच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसतं. बायोसमध्ये इंटेलचं पीटीटी तेवढं चालू करावं लागतं. मग तिथे एनव्हिडियाची दारं उघडतात, आणि २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत तर ४:२:२ चा डीकोडरही आहे. रिझॉल्व्ह वापरणाऱ्याचं प्रोजेक्ट दोन्हीकडे उघडतं. फायनल कटची लायब्ररी विंडोजवर उघडत नाही, तेव्हा जी कामं पुन्हा लागतील त्यांचं एक्सएमएल आणि एक मास्टर प्रोरेस फाइल मॅकओएस असतानाच काढून घ्यावी. एपीएफएसची डिस्क विंडोज आपणहून वाचत नाही, म्हणून त्या फाइल एक्सफॅट केलेल्या डिस्कवर उतरवून, उघडून, तपासून घ्याव्यात आणि मगच जुनी डिस्क फॉरमॅट करावी.