घरांतील ओली भिंत : तिचीं कारणें व उपाय

पावसाळा लागला म्हणजे शेतकऱ्याचें सारें लक्ष पेरणीकडे व बांधबंदिस्तीकडे असतें. घराच्या भिंतीकडे पाहण्यास त्यास सवड नसते. परंतु ज्या पिकासाठीं तो वर्षभर राबतो, तें पीक शेवटीं येऊन पडतें तें त्याच भिंतीच्या आश्रयाला. जुन्या घराच्या माजघरांतील एखादी भिंत नेहमींच गार लागते, तिच्यावर काळेहिरवे डाग उमटतात, चुन्याचे पोपडे गळतात, आणि तिच्याकडेच्या कणगीच्या बुडाशीं कुबट वास येऊं लागतो. 'जुनें घर म्हटलें कीं ओल ही असायचीच', असें म्हणून आपण ती गोष्ट सोडून देतों. आमच्या मतें ही समजूत फार नुकसानकारक आहे. ओलीला कारण असतें व तें शोधून काढतां येतें. आणि तें न शोधतां भिंत नुसती झांकून टाकणें केव्हांही हिताचें नाहीं.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां अतिवृष्टीनें पडलेल्या घरांचे पंचनामे पुष्कळ लिहिले. पंचनाम्याचा नियम असा कीं, जें डोळ्यांस दिसतें तें आधीं सर्व टिपून घ्यावें व कारणाचा विचार मागाहून करावा. ओल्या भिंतीसही हाच नियम लागू करणें इष्ट आहे.

ओल कोठून येते ?

भिंतींत पाणी येण्याच्या मुख्य वाटा तीन. पहिली वाट जमिनींतून. दिव्याची वात ज्याप्रमाणें तेल वर ओढते, त्याप्रमाणें माती, वीट, जांभा व चुना यांचीं सूक्ष्म छिद्रें जमिनींतील पाणी वर ओढतात. या ओलीची खूण अशी कीं, ती जोत्यापासून वर चढते, बहुधा दोन हातांच्या सुमारास थांबते, व त्या रेघेच्या आसपास पांढरा लोणा फुटतो. भिंतीच्या पलीकडे गोठा किंवा उकिरडा असल्यास लोणा अधिकच. शेणामुतापासून होणारे सोऱ्याच्या जातीचे क्षार पाण्याबरोबर भिंतींत जातात. आणि पाणी आटलें तरी ते क्षार दमट हवेंतील ओलावा आपणांकडे ओढीत राहतात. म्हणून अशी भिंत दर पावसाळ्यांत पुन्हां ओली दिसते.

दुसरी वाट पावसाच्या झडीची. आपल्याकडील मुख्य पाऊस नैर्ऋत्येकडून येत असल्यामुळें बहुतेक ठिकाणीं पश्चिमेची व दक्षिणेची भिंत अधिक भिजते. कोंकणांतील जांभ्याचा चिरा सच्छिद्र असून पाणी पितो. म्हणूनच तेथें पावसाळ्यापूर्वी झडीच्या बाजूस झावळ्यांचे झांप बांधण्याची चाल पडली. देशावर पांढऱ्या मातीच्या घरांत माळवदाचें पन्हळ तुंबलें किंवा फुटलें कीं पाणी थेट भिंतीच्या पोटांत उतरतें. या ओलीचे डाग वरून खालीं येतात, व पाऊस उघडला कीं हळूहळू फिकट होतात.

तिसरी वाट पुष्कळांच्या ध्यानांतच येत नाहीं. ती म्हणजे खोलींतील हवेची. हवा जितकी उष्ण तितकी अधिक वाफ तिच्यांत मावते. एक घनमीटर हवेंत २५ अंश सेल्सियस उष्णमानास सुमारें २३ ग्रॅम वाफ राहूं शकते, तर १५ अंशांस सुमारें १३ ग्रॅमच. म्हणून दमट हवा गार भिंतीस लागली कीं, गार पाण्याच्या तांब्यास बाहेरून घाम येतो तसा भिंतीसही येतो. पूर्वी चुलीचा धूर व वाफ कौलांच्या फटींतून निघून जात असे. आतां कौलांखालीं तक्तपोशी झाली किंवा वर स्लॅब आला, आणि चुलीच्या जागीं गॅसची शेगडी आली. एक किलो गॅस जळला म्हणजे सुमारें दीड किलो पाणी वाफेच्या रूपानें हवेंत जातें, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असेल. या ओलीचे डाग कपाटामागें, कोपऱ्यांत व जेथें वारा खेळत नाहीं तेथें पडतात. लोणा मात्र नसतो.

परीक्षा

कोणती ओल आहे हें ठरविण्यास एक सोपी परीक्षा आहे. हातभर लांबरुंद प्लास्टिकचा कागद भिंतीस चारी कडांनीं घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. पाणी कागदाच्या खोलीकडील अंगास जमलें तर तें हवेंतील. भिंतीकडील अंगास जमलें तर तें भिंतींतून येत आहे असें समजावें. भर पावसाळ्यांत दोन्ही अंगें ओलीं झालीं तर कारणेंही दोन आहेत.

उपाय

पाणी भिंतींतून येत असेल तर पहिलें काम घराबाहेर करावें. उकिरडा दूर न्यावा. गोठ्याची मोरी पक्की करून मूत भिंतीपासून लांब काढावें. वर्षानुवर्षें सांचून जोत्यावर चढलेली माती खणून जमीन जोत्याच्या खालीं आणावी, व वळचणीचें पाणी वाहून जाईल असा चर काढावा. पन्हळ व कौलें मृग लागण्यापूर्वी पाहून घ्यावीं.

त्यानंतर भिंत वाळूं द्यावी. जाड भिंतीच्या दर इंचास सुमारें एक महिना, असा वाळण्याचा ठोकताळा आहे. म्हणजे दीड हात भिंतीस दोन वर्षेंही लागतील. येथें उतावीळपणा करून सिमेंटचा गिलावा चढविणें हें सर्वांत वाईट. मातीच्या भिंतीवर सिमेंट बसलें कीं भेगांतून आंत गेलेलें पाणी बाहेर पडूं शकत नाहीं. आंतील माती मऊ होते, भिंतीला पोट सुटतें, आणि वरून धडधाकट दिसणारी भिंत एखाद्या रात्रीं खचते. असा गिलावा असल्यास उन्हाळ्यांत काढून टाकावा. चांगला भिजवून मुरलेला चुना एक भाग व वाळू तीन भाग यांचा गिलावा भिंतीस श्वास घेऊं देतो. त्यावर दरवर्षीं चुन्याची सफेदी द्यावी; चुन्याच्या तीक्ष्णपणामुळें बुरशी सहसा धरत नाहीं. तेलाचा किंवा प्लास्टिकचा रंग अशा भिंतीस देऊं नये.

केवळ हवेंतील ओल असेल तर आधीं वाफेस बाहेर जाण्यास वाट करून द्यावी व कपाटें भिंतीपासून वीतभर पुढें ओढावीं. तेवढ्यानें न भागल्यास भिंतीस आंतून ऊबदार अस्तर देण्याचा विचार करावा. बाजारांतील थर्मोकोलचे तक्ते नुसते टेकवून उभे केल्यानें काम बिघडतें : तक्त्यामागील भिंत पूर्वीपेक्षांही गार होते, फटींतून दमट हवा मागें शिरते, आणि बुरशी डोळ्यांआड वाढते. त्यापेक्षां चिखलांत भाताचा पेंढा किंवा गव्हाचें काड बारीक तोडून कालवावें व त्याचा दोन-तीन इंच थर पोकळी न ठेवतां भिंतीस घट्ट लिंपावा. असा थर काळ्या दगडापेक्षां कित्येक पटींनीं कमी उष्णता जाऊं देतो. मातींत वनस्पतींचे अंश मिसळण्याची रीत आपल्या देशांत नवी नव्हे. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले असल्याचें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दाखविलें आहे. मात्र हें काम माघ-फाल्गुनांतच उरकावें. थर पावसापूर्वी वाळला नाहीं तर पेंढाच बुरसतो. जोत्यालगतचा हातभर भाग नुसत्या चुन्यानें करावा, म्हणजे वाळवीस सहजासहजीं वाट मिळत नाहीं.

धान्याची व माणसांची काळजी

बुरशी हा केवळ शोभेचा प्रश्न नाहीं. १९६० सालीं इंग्लंडांत बुरसलेली भुईमुगाची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, व त्यावरून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. १९७४ सालीं गुजरात व राजस्थानच्या सीमेवरील भागांत बुरसलेला मका खाण्यांत येऊन शंभराहून अधिक माणसें यकृताच्या विकारानें दगावलीं. हें विष शिजवून नाहींसें होत नाहीं. आणि असें धान्य जनावरांस घातल्यास त्याचा अंश दुधांत उतरतो. म्हणून 'माणसांस नको तर गुरांस घाला' हा हिशेब चुकीचा आहे. धान्य ओलाव्याचें प्रमाण शेंकडा १२ च्या आंत येईपर्यंत व भुईमुगाच्या शेंगा शेंकडा ८ पर्यंत वाळवाव्या. कणगी व पोतीं भिंतीपासून निदान एक हात दूर, लांकडी फळ्यांवर ठेवावीं.

भिंतीवरील बुरशी कोरड्या केरसुणीनें झाडूं नये. तिची धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाते. नाकातोंडास फडकें बांधून साबणाच्या पाण्यांत भिजविलेल्या फडक्यानें ती पुसावी. ओलसर व बुरसट घरांत दम्याचा व श्वासाचा त्रास वाढतो, असा स्पष्ट इशारा जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं दिला आहे. घरांतील म्हातारे व लहान मुलें यांची निजण्याची जागा त्या भिंतीलगत ठेवूं नये.

यांतील बहुतेक कामें घरच्या माणसांच्या हातचीं असून खर्चही माफक आहे. लागते ती वेळेवर केलेली देखरेख. यंदाच्या पावसाळ्यांत आपल्या घरची प्रत्येक भिंत हात लावून पाहावी, डाग कोठून कोठवर गेला तें कोळशानें आंखून ठेवावें, व पाऊस उघडतांच कामास लागावें, अशी वाचकांस आमची विनंति आहे.