कवीचा रकाना रिकामा

मंडळी, माझ्या कपाटात तीनशेच्या आसपास सीडी आहेत. गझला, कव्वाल्या, भावगीतं आणि मंडईत कुणी कुणी ध्वनिमुद्रित करून दिलेल्या दंडारी. धाकटा म्हणतो, "अब्बा, फोनवर सगळं मिळतं की!" आमच्या आमगाव-सालेकशाकडची ही दंडार काही मिळत नाही. म्हणून सगळ्या सीडी संगणकात उतरवायला घेतल्या.

हल्लीच्या बहुतेक संगणकांना सीडीची खाच नसते. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह लागतो. १९८२ साली बाजारात आलेल्या या तबकडीत सेकंदाला आवाजाच्या ४४,१०० नोंदी असतात, त्याही डाव्या-उजव्या बाजूच्या वेगळ्या. म्हणून मिनिटभराच्या गाण्याला सुमारे १० एमबी जागा लागते. एमपीथ्री ती १ एमबीवर आणते, पण आवाजातले बारकावे कायमचे टाकून. 'फ्लॅक' पद्धतीत काहीच टाकलं जात नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. माझं मत फ्लॅकला. तीनशे सीडी शे-सव्वाशे जीबीत मावतात.

घरी लिहिलेल्या सीडी आधी घ्याव्यात. कंपनीच्या सीडीवर खुणा ठशाने उमटवलेल्या असतात, घरच्या सीडीवर त्या रंगद्रव्यात असतात. उन्हाने, दमटपणाने ते खराब होतं. आणि आमचा धानाच्या मुलखातला पावसाळा!

खरं काम पुढेच आहे. सीडीत बहुधा गाण्यांची नावंच नसतात. संगणक गाण्यांच्या लांबीवरून इंटरनेटवरच्या यादीत शोध घेतो आणि नावं आणतो. गायक, अल्बम, वर्ष असे रकाने भरतात. कवीचा मात्र बहुतेकदा रिकामा! मला हे खटकणारच. सुरेश भटांना लतादीदींनी गायिलं, आशाताईंनी गायिलं, भीमराव पांचाळे यांनीही गायिलं. गायकानुसार लावलं की भट तीन ठिकाणी विखुरतात. वास्तविक फाइलमध्ये 'लिरिसिस्ट' हा रकाना ठेवता येतो, अनेक प्रोग्रॅम तो दाखवत नाहीत इतकंच. वेष्टनातल्या पुस्तिकेवरून नाव देवनागरीत टंकावं, पण एकाच पद्धतीने. 'सुरेश भट' आणि 'भट सुरेश' ही संगणकाला दोन माणसं वाटतात.

सगळ्याची नक्कल दुसऱ्या हार्ड डिस्कवर, तीही दुसऱ्या घरी ठेवावी. माझी तिरोड्याला लेकीकडे असते.

दंडारीच्या सीडींना पुस्तिका नाही. यादी त्यांना 'ट्रॅक ०१' म्हणते. गाणं कुणी रचलं, वाजवणारे कोण, गाव कोणतं, हे गावात जाऊनच विचारावं लागतं, आणि सांगू शकणारे आता सत्तरीपुढचे आहेत. आजवर अकरा सीडींची नावं लागली. उरलेल्या मोबाइलमध्ये घालून या मंडईत घेऊन जाणार आहे.