एन्डोमेट्रिओसिस : गांजाच्या झाडातून इलाज निघेल का?

"पाळीत पोट दुखायचेच", "निकाह झाला, एक मूल झाले की थांबेल", ही वाक्ये आपल्या घरांत अम्मी, खाला, नानी यांच्या तोंडून सहज निघतात. साध्या दुखण्यापुरते ते ठीक आहे. पण मुलगी दर महिन्याला कॉलेज बुडवून अंथरुणात पडून राहत असेल आणि गोळी घेऊनही तिला आराम पडत नसेल, तर तिकडे लक्ष द्यायला हवे. असे दुखणे एन्डोमेट्रिओसिसचे असू शकते. या आजारावर गांजाच्या झाडापासून औषध तयार करण्याचे प्रयत्न परदेशात चालू आहेत. त्याच नावाने तेलाच्या बाटल्या बाजारातही आल्या आहेत. म्हणून हा विषय आम्ही मोकळेपणाने मांडत आहोत.

आजार काय आहे?

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी या आजारात गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजांडकोशावर, ओटीपोटात, आतड्यांवर वाढू लागतात. तिथे सूज येते, कधी अवयव एकमेकांना चिकटतात. पाळीच्या वेळी, शरीरसंबंधाच्या वेळी, शौचाला जाताना वेदना होतात. काही जणींना मूल राहण्यातही अडचण येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील सुमारे १९ कोटी स्त्रियांना व मुलींना हा आजार आहे. निदान व्हायला अनेकदा कित्येक वर्षे जातात.

आजार मुळापासून जाईल असे औषध अजून नाही. वेदनाशामक गोळ्या, हार्मोनची औषधे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांवर काम चालते. मूल हवे असताना हार्मोनची बरीच औषधे घेता येत नाहीत आणि शस्त्रक्रियेनंतरही दुखणे परत येऊ शकते. नव्या औषधाचा शोध त्यासाठीच चालला आहे.

गांजाचे झाडच का?

या झाडात अनेक रसायने असतात. त्यांपैकी दोन महत्त्वाची. टीएचसी नशा आणते. सीबीडीने तशी नशा येत नाही. मेंदू, मज्जातंतू आणि गर्भाशय यांतील काही पेशींवर अशा रसायनांना प्रतिसाद देणारी केंद्रे असतात. शरीर स्वतःही तशी रसायने बनवते. १९९२ साली सापडलेल्या अशाच एका रसायनाला संशोधकांनी 'आनंद' या संस्कृत शब्दावरून 'आनंदामाइड' हे नाव दिले. वेदना आणि सूज यांच्या नियंत्रणात या यंत्रणेचा वाटा असल्याने एन्डोमेट्रिओसिसच्या अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले.

बार्सिलोनातील संशोधकांनी २०२० साली उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. टीएचसी दिल्यावर उंदरांची वेदना कमी झाली, गाठींची वाढही मंदावली. ऑस्ट्रेलियातील एका पाहणीत काही स्त्रियांनी गांजामुळे वेदनेत आराम पडल्याचे सांगितले. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि स्वतःचा अनुभव सांगणे ही औषधाची कसोटी नव्हे. खरी कसोटी अशी : काही रुग्णांना औषध, काहींना हुबेहूब दिसणारे बिनऔषधी तेल द्यायचे, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही कळू द्यायचे नाही. स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी सीबीडीच्या तेलाची अशाच पद्धतीची चाचणी हाती घेतली आहे.

या वाटेने औषध सिद्ध होऊ शकते. लहान मुलांच्या दोन दुर्मिळ, कठीण अपस्मारांसाठी सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. तिथे शुद्धता, मात्रा आणि दुष्परिणाम सारे मोजलेले आहे. एन्डोमेट्रिओसिसच्या बाबतीत तो टप्पा अजून आलेला नाही.

बाटलीच्या मोहात पडू नये

आपल्या देशात १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याप्रमाणे गांजा आणि चरस बाळगणे गुन्हा आहे. नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत, त्यामुळे 'विजया' या नावाने आयुर्वेदिक तेले परवान्यावर विकली जातात. परवाना असला म्हणजे एन्डोमेट्रिओसिसवर गुण सिद्ध झाला, असे होत नाही. सीबीडीमुळे दुसऱ्या औषधांचा परिणाम कमी-जास्त होऊ शकतो. गरोदर, बाळाला अंगावर पाजणाऱ्या आणि मूल व्हावे म्हणून प्रयत्न करणाऱ्या भगिनींनी तर यापासून दूरच राहावे.

दीन काय सांगतो?

नशा हराम आहे, यात मतभेद नाही. पण प्रश्न औषधाचा असेल तेव्हा आपल्या फुकहांनी बारकाईने विचार केला आहे. आठव्या हिजरी शतकातील इमाम झरकशी यांनी हशीश हराम असल्याबद्दल स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्याच पुस्तिकेत, फायदा सिद्ध झाला असेल तर औषध म्हणून तिच्या वापराला त्यांनी वाव ठेवला. फायदा सिद्ध होणे ही अट आजही तितकीच मोलाची आहे. खरी गरज असावी, विश्वासू डॉक्टरांचा सल्ला असावा, दुसरा हलाल इलाज नसावा आणि मात्रा गरजेपुरतीच असावी, अशा अटी आलिम सांगतात. उद्या असे औषध आलेच, तर मुफ्ती साहेबांना मसला विचारताना 'गांजाचे औषध' एवढेच सांगू नका. त्यात टीएचसी आहे की सीबीडी, किती आहे, कशासाठी दिले आहे, हे सगळे सांगा.

आज काय करता येईल?

तोवर हातात असलेले इलाज तरी मुलींपर्यंत पोहोचू द्या. दोन-तीन महिने वेदनेची नोंद ठेवा : कोणत्या दिवशी, किती, कशाने वाढली, कोणत्या गोळीने उतरली. ती वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी हा आजार असू शकतो. दुखणे थांबत नसेल तर पुन्हा विचारा, दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या.

हैजविषयी बोलायला लाज वाटते, असे अनेक भगिनी म्हणतात. रसूलुल्लाह (स.) यांच्या काळात अन्सारच्या स्त्रियांना तशी लाज आड आली नाही. त्या येऊन मसले विचारत आणि हजरत आयशा (रजि.) यांनी त्यासाठी त्यांची तारीफ केली. आपल्या मुलीही अम्मीजवळ बसून तसेच बोलू शकल्या पाहिजेत. अल्लाह सर्व आजारी भगिनींना शिफा देवो. आमीन.